आकारामशेठचं खुराडं आणि दस्तगीरभाईचं नाक

१९७६ च्या पावसाळ्यात आकारामशेठ साळुंख्यांच्या सोप्यात चहा प्यायचा तर दोन हात पुरत नसत. एका हातात बशी धरायची, दुसऱ्या हातानं माशा वारायच्या, आणि कपावर झाकण धरायला तिसरा हात हवा. शेठच्या बायकोनं, राहीबाईंनी, यावर उपाय काढला होता. त्या कपाबरोबर एक जुनं पोस्टकार्ड आणून द्यायच्या, कपावर ठेवायला. सेलमहून भाच्यानं पाठवलेली सगळी पत्रं अशी कामाला आली होती. ‘इकडे सर्व क्षेम आहे’ या ओळीवर चहाचे गोल गोल डाग पडले होते.

मी त्या घरी महिन्यातून दोनदा तरी जायचो. त्या भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी स्टॉकमन होतो. स्टॉकमन म्हणजे डॉक्टर नव्हे. सुया उकळायच्या, म्हशींच्या नोंदी ठेवायच्या, सायकलवरून गावं फिरायची, कोंबड्यांना लस टोचायची, हे माझं काम. पण गावात सगळे मला डाक्टर म्हणत, आणि मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

गाव विट्यापासून चार मैलांवर. तिकडं घरटी एक माणूस गलाईत असायचा. गलाई म्हणजे सोनं गाळायचा धंदा. सराफांकडचे तुटके दागिने, घासणीतला चुरा, एवढंच नाही तर दुकानात झाडून काढलेला केरसुद्धा घ्यायचा, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालायचा, भट्टीवर चढवायचा आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं करायचं. आकारामशेठ सोळाव्या वर्षी मामाबरोबर मद्रासकडच्या सेलम गावी गेले आणि अठ्ठावीस वर्षं भट्टीपुढं बसले. मग छातीत खोकला भरला. दुकान भाच्याच्या ताब्यात देऊन पंचाहत्तर साली दोघं नवरा-बायको गावी परत आले. मूलबाळ नव्हतं. घर मात्र ऐसपैस बांधलं होतं, मागं मोठं परसू सोडून.

सेलमहून शेठनी दोन सवयी आणल्या होत्या. पहिली म्हणजे, होकार द्यायचा असला की ते ‘सरी’ म्हणायचे. तिकडं ‘सरी’ म्हणजे ‘बरं, ठीक’. आमच्याकडं सरी म्हणजे उसाच्या रानात पाडलेला पाण्याचा चर. त्यामुळं कुणी शेठना विचारलं, ‘शेठ, जत्रंची वर्गणी देणार न्हवं?’ आणि शेठ म्हणाले, ‘सरी, सरी,’ की समोरचा शेतकरी आपल्या रानाकडं बघायचा.

दुसरी सवय जास्त अवघड होती. शेठ केर टाकू देत नसत. ज्यानं अठ्ठावीस वर्षं केरातून सोनं काढलं, त्याला बायकोनं सुपली भरून उकिरड्यावर टाकलेली बघवायची नाही. राहीबाई झाडायला लागल्या की शेठ मागं मागं फिरायचे.

‘आवं, ह्यात सोनं कुठलं असतंय? चुलीची राख हाय आन् लसणाची सालं हायती,’ असं राहीबाई म्हणायच्या.

‘असू दे. कोपऱ्यात लोट. टाकू नगं.’

या माणसाला कोंबड्या पाळायला द्यायला नको होत्या. पण त्या दिल्या मीच. सरकारी योजनेतून पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या मिळायच्या, अर्जावर माझी शिफारस लागायची. शेठना बसून खाणं पटत नव्हतं, राहीबाईंनाही कामाची सवय होती. मी शिफारस लिहिली, चाळीस कोंबड्या आल्या. शेठनी परसात मंगलोरी कौलांचं, जाळीचं, सुबक खुराडं बांधलं. सेलमच्या दुकानाला असावा तसा त्याला कडी-कोयंडाही लावला. आणि रोज खुराड्यातली शीट झाडून, एकही कण वाया न घालवता, परसाच्या कोपऱ्यात जुन्या पत्र्याखाली साठवायला सुरुवात केली.

‘शेठ, एवढं कशाला साठवताय? कुणाच्या तरी रानात टाकून द्या,’ मी एकदा म्हणालो.

‘डाक्टर, ह्याला लोक खत म्हंत्यात. खत म्हंजे माल. माल साठला की बघू.’

माल साठत गेला. पुढच्या पावसाळ्यात पत्र्याला भोकं पडली, माल भिजला, आणि माशा आल्या.

परसाच्या भिंतीपलीकडं दस्तगीर अत्तारांचं घर होतं. दस्तगीरभाई आठवडी बाजारांत पेटी घेऊन बसायचे. हिना, केवडा, मोगरा, खस अशा अत्तरांच्या बाटल्या, सुरमा, उदबत्त्या, धूप. सोमवारी विटा, मग खानापूर, मग तासगाव, असा त्यांचा फेरा. धंदाच नाकाचा. बाजारात कुणी जवळून गेलं तर हा माणूस सकाळी काय खाऊन आलाय ते दस्तगीरभाई सांगायचे. त्यांच्या बायकोचं, मेहरुनबींचं म्हणणं असं, की या नाकापायी घरात सुकटही भाजता येत नाही.

शेठ आणि दस्तगीरभाई यांचं फार सख्य. शेठ दर महिन्याला एक तरी बाटली घ्यायचे. बूच काढायचं, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा, आणि ‘वा! फस्क्लास!’ म्हणायचं. असं कदर करणारं गिऱ्हाईक दस्तगीरभाईंना सगळ्या तालुक्यात दुसरं मिळालं नव्हतं. संध्याकाळी दोघं परसाच्या भिंतीवर कोपर टेकून, एक अलीकडं, एक पलीकडं, चहा प्यायचे.

त्या पावसाळ्यात दस्तगीरभाई भिंतीपाशी यायचे कमी झाले. एकदा मी खुराड्यात होतो तेव्हा ते आले, उपरण्याचा शेव नाकाला लावून.

‘शेठ, राग नका मानू. पण वास लय सुटलाय.’

शेठनी मान वर केली, इकडं तिकडं तोंड फिरवून तीन-चार वेळा खोल श्वास घेतला आणि सरळ चेहऱ्यानं म्हणाले, ‘कसला वास? मला तर काय येत न्हाई.’

मी पत्र्याखालच्या ढिगापासून पाच हातांवर उभा होतो आणि माझे डोळे चुरचुरत होते. दस्तगीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी कोंबडीच्या तुऱ्याकडं पाहिलं. सरकारी माणसानं शेजाऱ्यांच्या भांडणात पडू नये.

‘मग माशा तरी दिसत्यात का न्हाई?’ दस्तगीरभाई जरा चढ्या आवाजात म्हणाले. ‘काल माझ्या जेवणात भातापेक्षा माशा जास्त हुत्या.’

‘माशा दिसत्यात,’ शेठनी कबूल केलं. ‘माशांचं काय ते मी बघतो. पर वास न्हाई बगा.’

दस्तगीरभाई पाठ फिरवून गेले. त्यांना वाटलं, शेठ तोंडावर खोटं बोलतायत.

शेठनी माशांचं बघायला घेतलं. गलाईच्या धंद्यातला माणूस कुठल्याही गोष्टीवर पहिला उपाय जाळाचा करतो. सेलमहून आणलेला जुना भाता त्यांनी माळ्यावरून काढला. लोखंडी घमेल्यात निखारे, वर कडुलिंबाचा ओला पाला, आणि भात्यानं तो धूर थेट खुराड्यावर सोडला. कोंबड्या खोकायला लागल्या. शेठही खोकायला लागले. माशा मात्र शहाण्यासारख्या भिंतीवरून पलीकडं दस्तगीरभाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मेहरुनबींनी त्या दिवशी आतल्या खोलीत दार लावून भाकरी थापल्या. संध्याकाळी धूर विरला तशा माशा परत आल्या.

दुसरा उपाय गुळाचा. परातीत गुळाचं पाणी करून ठेवायचं, माशा त्यात पडून मरतात, असं शेठना कुणी तरी सांगितलं. पडल्या, खूप पडल्या. पण गूळ चांगला आमच्या बाजूचा होता, त्याची कीर्ती लांबवर गेली. ज्या माशांना शेठचा पत्ता माहीत नव्हता त्याही सोसायटीच्या गोदामापासून आल्या. दोन दिवसांनी राहीबाईंनी परात उचलली आणि घासून फळीवर ठेवली.

‘गुळावर कवा माशी कमी हुती का?’ एवढंच त्या म्हणाल्या.

तिसरा उपाय माझा. मी दवाखान्यातून पांढरी पावडर नेली आणि खुराड्याभोवती, ढिगावर, भिंतीवर मारली. दोन दिवस परसात माशी दिसली नाही. गावात माझं नाव झालं. तिसऱ्या दिवशी दोन कोंबड्या झिंगल्यासारख्या चालायला लागल्या, बहुतेक त्यांनी मेलेल्या माशा टिपल्या असाव्यात. राहीबाईंनी त्यांना पकडून ताक पाजलं. मीच अंडी काही दिवस खाऊ नका म्हणून सांगितलं, त्यामुळं रोजची अंडी वाया गेली, आणि शेठना तीही टाकवेनात. दहाव्या दिवशी मी सायकल लावून परसात गेलो तर भिंत काळी दिसत होती. जवळ गेल्यावर भिंत उडाली.

‘डाक्टर,’ शेठ शांतपणे म्हणाले, ‘तुमची पावडर माशांना मानवली.’

इकडं दस्तगीरभाईंच्या घरात वेगळीच गडबड सुरू झाली. त्यांची मुलगी फरीदा वीस वर्षांची झाली होती. दहावी शिकलेली, बापाच्या पेटीचा सगळा हिशेब तोंडपाठ असलेली, उंचीपुरी पोरगी. तिला बघायला मिरजेहून पाहुणे यायचे ठरले. बारा दिवसांनी. पाहुण्यांपुढं शीरखुर्म्याची वाटी ठेवायची आणि तिच्यावर माशांचा काळा थर बसणार, या विचारानं मेहरुनबींना जेवण जाईना. नवऱ्याला त्या म्हणाल्या, ‘तुमच्या दोस्ताला जाऊन सांगा, न्हाईतर मी सांगते.’

मेहरुनबींनी सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असा विचार करून दस्तगीरभाई उठले. जाता जाता त्यांनी हातात एक बाटली घेतली. सकाळपासून ते भिंतीच्या कडेनं फिनेल शिंपडत होते, आणि घरात बाटल्या म्हणजे अत्तराच्याच. तसल्या एका मोठ्या बाटलीत फिनेल ओतून घेतलं होतं.

मी तेव्हा शेठच्या परसात तोंड लपवून बसलो होतो. पावडरीनंतर लोकांना तोंड दाखवायची पंचाईत झाली होती. राहीबाई दाणे निवडत होत्या. दस्तगीरभाई परसाच्या दारातून आत आले, चेहरा लाल. ते बोलायला तोंड उघडणार तोच शेठची नजर बाटलीवर गेली. इतके दिवस अबोला धरलेला मित्र हातात अत्तर घेऊन आलाय, हे पाहून शेठचा चेहरा खुलला.

‘आवं दस्तगीरभाई, कशाला तरास घेतला?’ असं म्हणत त्यांनी बाटली हातातून घेतलीच. बूच काढलं. डोळे मिटले. लांब, खोल श्वास घेतला. थोडं बोटावर घेऊन मनगटाला चोळलं.

‘वा! मोगरा. फस्क्लास!’

 कोंबड्या तेवढ्या कुरकुरत होत्या. मग भिंतीवरून फरीदाचा आवाज आला. ती पलीकडून बघत होती.

‘काका, ते फिनेल हाय.’

शेठनी डोळे उघडले. बाटलीकडं बघितलं, मनगटाकडं बघितलं. राहीबाईंनी सुपातले हात थांबवले आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या का रडत होत्या ते मला कळलं नाही; बहुधा दोन्ही.

दस्तगीरभाईंचा राग कुठल्या कुठं गेला होता. ते हळू आवाजात म्हणाले, ‘शेठ, तुमाला वासच येत न्हाई?’

शेठ बाजेवर बसले. ‘न्हाई.’

‘कवापासनं?’

उत्तर राहीबाईंनी दिलं. ‘पंधरा वर्सं झाली. दूध करपलं तरी मलाच सांगाया लागतंय.’

‘गलाईवाल्याचं नाक जातंच,’ शेठ म्हणाले. ‘तेजाबाचा धूर असतोय. आधी नाक जातं, मग दात, मग छाती. आमच्या भट्टीवर समद्यांचंच गेलेलं. त्यात काय सांगायचं?’

दस्तगीरभाईंच्या डोक्यात मात्र दुसराच हिशेब चालला होता. ‘म्हंजे गेल्या ईदीला मी तुमाला हिना दिला... कनौजचा, मुद्दाम मागवलेला...’

‘चांगला हुता.’

‘काय चांगला हुता?’

शेठनी थोडा विचार केला. खोटं बोलायची आता सोय नव्हती. ‘बाटली,’ ते म्हणाले. ‘बाटली लय चांगली हुती.’

दस्तगीरभाईंचे खांदे हलायला लागले, आणि मग ते एवढ्यांदा हसले की पलीकडून मेहरुनबी धावत भिंतीपाशी आल्या. तालुक्यातलं त्यांचं सगळ्यात जाणकार गिऱ्हाईक! शेठही हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. राहीबाईंनी पाणी आणलं आणि बाटलीला बूच लावून ती लांब ठेवली.

‘मग आदी सांगायचं की गड्या,’ दस्तगीरभाई म्हणाले. त्यांनी शेठला ‘गड्या’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ‘मला वाटलं, तू मला येडा बनवतोयस.’

‘शेठ म्हंत्यात लोक मला. बिगरनाकाचा शेठ म्हनून घिऊ का?’

‘बरं, आता माझं नाक घे,’ दस्तगीरभाई म्हणाले आणि इतके दिवस नाकाला लावलेला उपरण्याचा शेव त्यांनी काढला. ‘वास कुठनं येतोय ते मी सांगतो. तू फावडं घे.’

जिथं माणसं नाक दाबून पळत होती तिथं हा अत्तरवाला डोळे मिटून, नाक पुढं करून फिरायला लागला. एखाद्या कोपऱ्यात थांबायचा, हुंगायचा, मान हलवायचा, पुढं जायचा. खुराड्यातली वाळलेली शीट त्यांनी ओलांडली. ‘हितं न्हाई. सुक्याला वास न्हाई.’ पाण्याच्या मातीच्या परळापाशी ते थांबले. परळाला बारीक चीर होती आणि त्याच्याखाली शीट-माती कालवून चिखल झाला होता. ‘हितं हाय.’ खाद्याचं पोतं टेकवलेल्या भिंतीपाशी ओल धरली होती, सांडलेला भरडा आंबला होता. ‘हितं बी.’ मग ते पत्र्याखालच्या ढिगापाशी गेले आणि एकदम दोन पावलं मागं सरकले. ‘आन् हितं तर समदं गाव हाय.’

शेठनी ढिगात फावडं घातलं आणि एक थर उलटला. आतला माल हलत होता. पांढऱ्या बारीक अळ्या, तांदूळ सांडावा तशा, ओल्या भागात वळवळत होत्या. वरचा कोरडा थर साफ होता. सगळं खाली, जिथं ओल होती तिथं.

‘ह्याच्या माशा हुत्यात?’ शेठनी मला विचारलं.

‘होय. आठ-दहा दिवसांत अळीची माशी होते,’ मी म्हणालो.

‘तुमाला म्हाईत हुतं?’

हा प्रश्न मला आजही आठवतो. माहीत होतं. ट्रेनिंगमध्ये फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. पावडरीनं उडती माशी मरते, ओल्यातल्या अळ्या तशाच राहतात, हेही शिकवलं होतं. पण गावात डाक्टर म्हणवून घ्यायची सवय लागली की माणूस हातात काही तरी देऊन मोकळा होतो. फावडं मार, कोरडं ठेव, असं सांगणाऱ्याला कोण डाक्टर म्हणणार?

‘म्हाईत हुतं,’ मी म्हणालो.

‘सरी,’ शेठ म्हणाले. ते मला आणखी काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता ढिगाचं काय करायचं यावर वाद झाला. दस्तगीरभाई म्हणाले, सगळा गाडीत भरून गावाबाहेर टाका. शेठचा चेहरा पडला. वर्षभराचा माल. तेव्हा राहीबाई मधे पडल्या. त्यांनी इतकी वर्षं नवऱ्याला ओळखलं होतं.

‘टाकायचा कशापायी? गाळायचा,’ त्या म्हणाल्या. ‘सोनं कसं गाळत हुता? कचरा येगळा, माल येगळा. हितं पाणी येगळं करायचं, मंग ऱ्हातोय तो माल.’

हे शेठना पटलं. आमच्या त्या बाजूला पाऊस येतो तो पाहुण्यासारखा. आला तरी फार राहत नाही, उन्हाला कमतरता नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी ढीग फोडून परसभर बोटभर जाडीचा पसरला. मेहरुनबींनी आपल्या चार गावठी कोंबड्या भिंतीवरून अलीकडं सोडल्या. लेगहॉर्न साहेबी जातीच्या, जाळीत बसून बघत राहिल्या. पण गावठी कोंबड्यांनी दिवसभर पाय झाडून झाडून असा माल उकरला की संध्याकाळपर्यंत अळी शोधून सापडेना. चारी कोंबड्यांची पोटं टम्म झाली, त्यांना घरी जाताना भिंतीवर उडता येईना. फरीदानं एकेक उचलून घेतली.

परळ बदललं. खाद्याचं पोतं फळीवर चढवलं. खुराड्याच्या तळाला राहीबाईंनी भाताचं तूस पसरलं आणि त्यावर इतके दिवस कोपऱ्यात लोटून ठेवलेली चुलीची राख चाळून टाकली. दर चौथ्या दिवशी सगळं खरडून उन्हात घालायचं, कडकडीत वाळलं की पोत्यात भरून तोंड शिवायचं, असा नेम ठरला. अळीला माशी व्हायला आठ दिवस लागतात, आपण चौथ्या दिवशीच जायचं. शेठना हे फार आवडलं. ते सेलमची केर चाळायची बारीक चाळण घेऊन बसायचे आणि वाळलेली शीट चाळायचे. चाळायची काहीच गरज नव्हती. आम्ही कुणी तसं बोललो नाही.

पहिल्या आठवड्यात माशा होत्याच. जुन्या उडत होत्या. पण नव्या निघेनात. दहाव्या-अकराव्या दिवशी राहीबाईंनी मला चहा दिला आणि पोस्टकार्ड द्यायचं विसरल्या. मी अर्धा कप संपवल्यावर ते माझ्या ध्यानात आलं.

बाराव्या दिवशी मिरजेचे पाहुणे आले. दस्तगीरभाईंनी शेठना आणि मलाही बोलावलं होतं. बैठकीत पाहुण्यांचे पाच जण, आम्ही तिघं. धूप दरवळत होता. शीरखुर्म्याच्या वाट्या आल्या आणि सगळ्या घराचं लक्ष वाट्यांवर. एकही माशी नाही. शेठ अभिमानानं इकडं तिकडं बघत होते, जणू खुर्मा त्यांनीच केला होता.

आणि मग एक माशी आली.

एकच. दारातून आली, खोलीत एक फेरी मारली आणि मुलाच्या मामाच्या वाटीभोवती घिरट्या घालायला लागली. पाहुण्यांचं तिच्याकडं लक्षसुद्धा नव्हतं. कुठल्या घरात एक माशी नसते? पण आमच्या तिघांच्या माना तिच्याबरोबर फिरायला लागल्या. दस्तगीरभाई मुलाच्या नोकरीविषयी विचारत होते, पण शब्द मुलाकडं आणि डोळे माशीकडं. शेठनी शेजारचा पेपर उचलून सावकाश गुंडाळी केली. मी त्यांचा सदरा ओढला. उपयोग झाला नाही. माशी मामाच्या गुडघ्यावर बसली आणि शेठनी फाडकन पेपर हाणला.

मामांच्या हातातला खुर्मा त्यांच्या पायजम्यावर सांडला. माशी उडून गेली.

‘मच्छर हुता,’ शेठ म्हणाले.

पाहुणे भले होते, हसले. जेवण झालं, फरीदाला बघितलं, चार गोष्टी विचारल्या, आणि चार दिवसांनी निरोप आला की जमत नाही. आम्हाला वाटलं, गुडघ्याचं प्रकरण नडलं. शेठ दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. शेवटी दस्तगीरभाईच सांगायला आले.

‘तुज्यापायी न्हाई रं. पोरगी पोरापेक्षा चार बोटं उंच निघाली. पोराच्या आईला पसंत पडलं न्हाई.’

‘खरं?’

‘खरं. पोरगंच बुटकं हुतं. फरीदा म्हनती, बरं झालं.’

पुढच्या वर्षी तिचं लग्न तासगावात ठरलं. नवरा मुलगा एस.टी.त कंडक्टर, तिच्यापेक्षा वीतभर उंच. वऱ्हाडाला अंड्याची बिर्याणी होती. सगळी अंडी शेठनी दिली आणि कुणालाही विचारू दिलं नाही की किती होती.

पोत्यांचंही झालं काही तरी. तासगावकडच्या एका द्राक्षवाल्यानं ती सगळी नेली आणि आणखी मागितली. शेठना फार आनंद झाला. कुणी तरी म्हणालं, ‘शेठ, शेवटी केरातनं सोनं काढलंच की.’ शेठ म्हणाले, ‘सरी.’

त्यानंतर संध्याकाळचा चहा पुन्हा भिंतीवर सुरू झाला. शेठनी आता वास घेतल्याचं सोंग सोडलं होतं. दस्तगीरभाईच सांगायचे. बाजारातून आले की भिंतीवर कोपर टेकायचे आणि नाक वर करायचे. ‘आज तुझ्या घरात मेथी हाय. लसूण जरा जास्त पडलाय. लोहाराच्या घरात कायतरी करपलंय. पलीकडं कुणाच्या तरी रानात पाणी सोडलंय, माती भिजलीय.’ शेठ सगळं ऐकून घ्यायचे, बातम्या ऐकाव्यात तसे. एखाद्या दिवशी दस्तगीरभाई परगावी गेलेले असले की राहीबाईंना विचारायचे, ‘आज काय वास हाय?’ राहीबाई म्हणायच्या, ‘माझ्या घामाचा हाय. बसा गप.’

अठ्ठ्याहत्तर साली माझी बदली वडूजला झाली. त्यानंतर एकदाच शेठची गाठ पडली, विट्याच्या स्टँडवर. त्यांचा खोकला वाढला होता, अंगात कोट होता, भर उन्हात. राहीबाई बरोबर होत्या. त्या बहिणीकडं निघाल्या होत्या, खटावात. बहिणीनंही कोंबड्या घेतल्या होत्या आणि तिच्या घरी माशांनी कहर केला होता. शेठ तिला शिकवायला चालले होते.

गाडीला वेळ होता. शेठनी मला बाकावर बसवून सगळं समजावून सांगितलं, जसं काही मी तिथं नव्हतोच. पाणी कुठं सांडतंय ते आधी बघायचं. ओलं तिथं अळी. चौथ्या दिवशी खरडायचं, पाचव्या नव्हे. तूस कोरडं पाहिजे. राख चाळून. डाक्टर लोकांच्या पावडरीच्या नादाला लागायचं नाही.

‘बरोबर हाय,’ मी म्हणालो.

‘ह्यो नेम मी एकदा सुदिक मोडला न्हाई,’ शेठ म्हणाले.

राहीबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘डाक्टर, दीड वर्सात ह्यांनी एकदा सुदिक खुराड्यात पाय टाकला न्हाई. छाती भरती म्हंत्यात. खरडतीया मी. हे बाजंवर बसून दिवस मोजत्यात.’

‘दिवस मोजाया नगं कुणीतरी?’ शेठ म्हणाले.

तेवढ्यात खटावची गाडी लागली. राहीबाईंनी त्यांच्या हाताला धरून उठवलं, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि दोघं सावकाश गाडीकडं गेली.